फोटो झकास आहे, पण माणूस कोण? जुन्या फोटोंचे ऑनलाइन संग्रह वापरून बघितले त्याबद्दल

आधीच सांगून टाकते, मी इतिहासवाली वगैरे नाही, बँकेत नोकरी करते, आणि हे सगळं लचांड मागे लागलं ते माळ्यावरच्या ट्रंकेमुळे. दिवाळीच्या साफसफाईत ट्रंक खाली काढली, वरती गोधड्या, मधे एक पितळी अडकित्ता आणि तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेले पंचवीस-तीस फोटो. त्यातला एक पणजीचा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली सोनेरी अक्षरांत स्टुडिओचं नाव अर्धवट पुसलेलं, एक कोपरा कसरीनं खाल्लेला. पणजी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी आहे, नऊवारी, नाकात नथ, कॅमेऱ्याकडे अशी बघतेय की फोटोवाल्यानं तिचे पैसे बुडवलेत. आणि हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके.

ते तीन ठिपके लक्षात ठेवा.

फोटो घेऊन मी आमच्या इथल्या एका स्कॅनिंगवाल्याकडे गेले, नाव लिहीत नाही, बिचाऱ्याचं पोट आहे त्यावर. तो म्हणाला मॅडम एकदम नवा करून देतो, कलर पण करून देतो, साडेतीनशे. मी हो म्हटलं, चूक माझीच. चार दिवसांनी जो आला तो फोटो बघून मला हसावं का रडावं कळेना. साडी जांभळी. गाल गुलाबी. कुंकू गायब, गोंदणाचे तिन्ही ठिपके गायब, कारण कॉम्प्युटरला ते डाग वाटले. आणि खालचा पुठ्ठा, ज्याच्यावर स्टुडिओचं नाव होतं, तो कापून टाकलेला (स्कॅनमधून, मूळ फोटोतून नाही, तेवढी देवाची कृपा). त्याला विचारलं, मागची बाजू स्कॅन केलीस का? तर म्हणाला, मागे काय आहे, काहीच नाही. मागे शिसपेन्सिलीनं मोडीत दोन ओळी होत्या बाबा!

आत्याला फोटो व्हॉट्सअॅप केला तर तिचा फोन आला, "अगं ही कोण बाई?" सख्ख्या नातीनं आजीला ओळखलं नाही. साडेतीनशे रुपये देऊन मी घरातलं एक माणूस पुसून आणलं होतं.

तर त्या रागात मी बसले शोधायला की जगात जे लोक खरोखर जुने फोटो सांभाळतात ते कसे सांभाळतात. दोन महिने रात्री जेवण झाल्यावर हेच. त्यातल्या चार ठिकाणांबद्दल लिहितेय, सगळी फुकट बघता येतात. माझी मोजपट्टी एकच आहे आणि ती त्या जांभळ्या साडीमुळे ठरली : फोटोतल्या माणसाचं नाव आहे का, आणि नसेल तर ते शोधायची कुणाला पडलीय का.

पहिला नंबर, आणि मी सगळ्यात जास्त वेळ जिथे घालवला, तो म्हणजे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला लिलजेनक्विस्ट कुटुंबाचा संग्रह. हे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या (उत्तरेकडची राज्यं विरुद्ध दक्षिणेकडची) काळातले, म्हणजे १८६१ ते १८६५ च्या आसपासचे फोटो, बहुतेक सगळे साध्या शिपायांचे आणि त्यांच्या घरच्यांचे. टॉम लिलजेनक्विस्ट आणि त्यांची मुलं मिळून हे गोळा करत होते, आणि २०१० मध्ये त्यांनी सातशेच्या आसपास फोटो लायब्ररीला देऊन टाकले, पुढे भर पडत गेली, आता काही हजार आहेत. आपला काय संबंध म्हणाल तर काहीच नाही. मी पण सहज म्हणून उघडलं आणि रात्रीचे दीड वाजले.

यातले कितीतरी फोटो कागदावरचे नाहीतच. काही काचेवर आहेत आणि काही लोखंडाच्या पातळ पत्र्यावर. काचेला ओलं रसायन लावायचं, ते ओलं आहे तोवरच फोटो काढायचा, तोवरच धुवायचा, आणि मागे काळं काहीतरी लावलं की मग तो सरळ दिसतो. निगेटिव्ह वेगळी नसतेच, म्हणजे एका फोटोची एकच प्रत, हरवली की संपलं. आणि चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं, त्यामुळे झूम करून बघितलंत तर शिपायाच्या पट्ट्याच्या बक्कलवरची अक्षरं उलटी दिसतात, पहिल्यांदा मला वाटलं माझा मोबाइलच काहीतरी करतोय. काहींचा कोट डावीकडून उजवीकडे लागलेला असतो तो पण त्यामुळेच. लोकांनी काही सेकंद हलायचं नसायचं म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावलेला असे, तो कॅमेऱ्यात येत नाही पण उभ्या माणसाच्या बुटांमागे नीट बघा, त्या स्टँडचे पाय दिसतात. मी आता प्रत्येक फोटोत आधी बूट बघते.

रंग पण आहेत बरं का. गालांवर फिकट गुलाबी आणि कोटाच्या बटणांवर सोनेरी ठिपका, कुणीतरी बारीक ब्रशनं हातानं लावलेला. म्हणजे रंगवायची हौस तेव्हाही होतीच, पण त्या माणसानं समोरचा चेहरा बघून रंगवलंय, डाग समजून कुणाची खूण पुसली नाही. आणि एक गोष्ट मला इथे कळली जी पणजीच्या फोटोला पण लागू होते. त्या जुन्या काचांना लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही, म्हणून लाल गोष्ट काळी येते, आणि निळं मात्र पांढरट येतं, त्यामुळे निळ्या डोळ्यांचे ते शिपाई भुतासारखे दिसतात. पुढच्या काळातल्या प्लेटींचं पण लालच्या बाबतीत बरीच वर्षं तसंच होतं. आपल्या जुन्या फोटोंत बायकांचं कुंकू काळंभोर दिसतं ना, ते म्हणून. तो डाग नाही. स्कॅनिंगवाल्या दादा, वाचताय ना.

आता माझ्या मोजपट्टीवर. इथले कितीतरी फोटो 'अनोळखी शिपाई' अशाच नावानं लागलेत. म्हणजे युद्धावर जायच्या आधी पोरानं जाऊन फोटो काढला, आईला नाहीतर बायकोला दिला, तिनं मखमलीच्या डबीत घालून ठेवला, तिला नाव लिहायची गरजच काय, तिला माहीत होतंच कोण आहे ते. मग ती गेली, डबी विकली गेली, बाजारात फिरली, आणि नाव गळून पडलं. एक फोटो आहे तो तर बघवत नाही : सात-आठ वर्षांची वाटेल अशी मुलगी, सुतकाच्या काळ्या पोशाखात, मांडीवर चौकटीतला फोटो धरून बसलीय, त्या फोटोत तिचा बाप घोडदळाच्या टोपीत तलवार घेऊन. फोटोतला फोटो. दोघांचंही नाव नाही. लायब्ररीनं शीर्षकात टोपीचा प्रकारसुद्धा लिहिलाय, तलवार लिहिलीय, जेवढं डोळ्यांना दिसतं तेवढं सगळं लिहिलंय, आणि नावाच्या जागी सरळ 'अनोळखी' म्हटलंय. अंदाजानं काहीतरी ठोकून दिलेलं नाही. मला हे फार आवडलं.

आणि याच्या उलट दुसरा. एक कृष्णवर्णीय शिपाई, उत्तरेकडच्या सैन्याच्या गणवेशात, बाजूला बायको आणि दोन मुली, दोघींना एकसारखे कोट आणि टोप्या. हा पण आधी 'अनोळखी' म्हणूनच होता. पुढे नाव मिळालं : सार्जंट सॅम्युअल स्मिथ, बायको मॉली, मुली मेरी आणि मॅगी. नावं वाचून परत फोटो बघितला तर खरं सांगते, फोटो बदलला. आधी मी गणवेश बघत होते, टोप्या बघत होते, आता वाटलं मेरी कुठली आणि मॅगी कुठली, आणि मॉलीनं त्या दिवशी दोघींना तयार करताना किती आरडाओरडा केला असेल. संग्रहातल्या फोटोंवर कुणाला माहिती असेल तर कळवा म्हणून लायब्ररी लोकांना सांगत आलीय, २००८ पासून फ्लिकर नावाच्या फोटोंच्या साइटवर पण फोटो टाकतायत आणि तिथे लोक खरोखर ओळखी पटवतात. सरकारी खात्यानं 'आम्हाला माहीत नाही, तुम्हाला माहितीय का' असं विचारणं म्हणजे मला तर कौतुकच वाटलं.

वापरायला कसं आहे : मोठ्या फाइल तशाच्या तशा डाउनलोड होतात, खातं काढायला लागत नाही, वापरावर बंधन असल्याचं माहीत नाही असं स्वच्छ लिहिलेलं आहे. डबीची चौकट, मखमल, पितळी पट्टी सगळं फोटोत ठेवलंय, कापलेलं नाही. मोबाइलवर नका बघू, माझा फोन रडायला लागला, लॅपटॉपवर बघा. पाचपैकी पाच, हातचं काही राखत नाही.

दुसरं ठिकाण आपल्या अगदी जवळचं, पण आहे फिलाडेल्फियाला. ड्रेक्सेल विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजचं एक अर्काइव्ह आहे, लेगसी सेंटर म्हणतात, त्यांच्याकडे जुन्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाची कागदपत्रं आणि फोटो आहेत. आनंदीबाई जोशींचा तो तिघींचा फोटो तुम्ही शंभर वेळा फॉरवर्ड होऊन आलेला बघितला असेल, डावीकडे आनंदीबाई साडीत, मधे जपानच्या केई ओकामी किमोनोत, उजवीकडे सिरियाच्या इस्लांबुली. तो मूळचा इथला. १० ऑक्टोबर १८८५, कॉलेजच्या डीनबाईंनी दिलेल्या स्वागत समारंभाच्या दिवसाचा.

फॉरवर्डमधे फोटो खालून कापलेला असतो. मूळ बघा. प्रत्येकीच्या खाली नाव लिहिलंय, गाव लिहिलंय, देश लिहिलाय. आणि चुका किती! आनंदीबाईंच्या गावाचं 'सेरानिसोर' करून ठेवलंय, ते बहुधा सेरामपूर, म्हणजे बंगालातलं श्रीरामपूर (आपलं नगर जिल्ह्यातलं नाही), गोपाळरावांची बदली तिथल्या पोस्टात झाली होती, अमेरिकेला निघण्याआधी ती दोघं तिथे होती. इस्लांबुलीबाईंच्या सबात नावाचं तबात झालंय. तिघींच्या आधी डॉक्टर लावलंय, आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये, म्हणजे ही अक्षरं बहुतेक नंतर कुणीतरी काढलेली. पण मला या चुकांसकट ते फार आवडतं. चुकीचं का होईना, कुणीतरी पेन घेऊन लिहिलं. चुकलेल्या नावावरून माणूस सापडतो, न लिहिलेल्या नावावरून काय सापडणार कप्पाळ. पुढे वर्षभरात, फेब्रुवारी १८८७ मध्ये आनंदीबाई पुण्यात गेल्या, एकवीस वर्षांच्या होत्या, बावीस पण पुरी नाहीत. तो फोटो मोठा करून बघा एकदा, कापलेला नाही, पूर्ण. इथे फोटोच्या जोडीला कागदपत्रं पण आहेत, कॉलेजात घ्या म्हणून त्यांनी १८८३ मध्ये लिहिलेलं पत्र आहे, ते त्यांच्या अक्षरात वाचताना अंगावर काटा येतो. गुण पाच. आपली बाई आहे म्हणून झुकतं माप दिलंय असं म्हणालात तर दिलंय.

तिसरा संग्रह बघून मात्र डोकं फिरलं, आणि त्यात संग्रह ठेवणाऱ्यांची काही चूक नाही हे आधी सांगते. टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या डीगोलियर लायब्ररीकडे विल्यम जॉन्सन नावाच्या साहेबानं काढलेले मुंबई आणि पश्चिम भारतातले फोटो आहेत, १८५५ ते १८६२ च्या आसपासचे. त्यांनी ते ऑनलाइन टाकलेत, दर्जा अप्रतिम, पागोट्याचा पीळ न् पीळ मोजून घ्या. याच जॉन्सनचं पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये दोन भागांत मुंबईतल्या जातीजमातींचं पुस्तक निघालं, त्यात त्यानं माणसांचे फोटो वेगळे काढून मागे मुंबईतल्या जागांचे फोटो जोडले. म्हणजे फोटोशॉप आपण काढलेलं नाही, समजलं का.

आता फोटोंची नावं वाचा. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. नागर ब्राह्मण स्त्रिया. बस. चार माणसं बसलीत, एकाच्या चेहऱ्यावर स्पष्ट कंटाळा, एक जण मनातल्या मनात हसतोय, आणि खाली जात. जणू जात म्हणजेच नाव. त्यांना घरी हाका मारायला काहीतरी नाव असेलच ना, कुणीतरी बापू असेल, कुणी तात्या. साहेबाला ते विचारावंसंच वाटलं नाही कारण त्याला माणूस नको होता, नमुना हवा होता. सरकारनं १८६८ ते १८७५ मध्ये आठ खंडांत हिंदुस्थानातल्या लोकांचं जे फोटोंचं बाड काढलं त्यात पण हाच मामला.

आणि यातली गंमत सांगू? तेव्हा मुंबईत आपले लोक पण कॅमेरा चालवत होते. भायखळ्याच्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे त्या डॉ. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू नारायण दाजी, ते पण डॉक्टर, त्या काळातले चांगले फोटोग्राफर. बाँबे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली त्यात हे दोघे भाऊ होते. हरिश्चंद्र चिंतामण नावाचे गृहस्थ तर मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या फोटोग्राफीच्या वर्गात शिकून धंद्यात उतरलेले. आपल्याकडे फोटो काढणाऱ्यांची नावं आहेत, काढून घेणाऱ्यांची नाहीत, असं काहीतरी होऊन बसलंय.

या संग्रहाला गुण कसे द्यायचे? स्कॅनला पाच, ज्यानं मूळ नावं दिली त्याला शून्य. पण बघा जरूर, कपडे, दागिने, बसायची ढब, यासाठी तरी. नाटकवाल्यांनी तर बघाच.

चौथं, इंडियन मेमरी प्रोजेक्ट. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलं. हे कुठल्या विद्यापीठाचं नाही. लोक आपल्या घरातला जुना फोटो देतात आणि त्यासोबत हकीकत सांगतात, कोण, कुठे, कुठल्या साली, पुढे त्या माणसाचं काय झालं. फाळणीत आलेली कुटुंबं आहेत, लग्नाचे फोटो आहेत, कॉलेजातल्या मैत्रिणी आहेत. माझ्या मोजपट्टीवर हे पहिलं यायला हवं, कारण इथे नावाशिवाय फोटोच नाही. अडचण एकच, लिखाण इंग्रजीत आहे, आणि ज्यांच्याकडे खऱ्या गोष्टी आहेत त्या आमच्या आत्यासारख्या बायका इंग्रजी वाचायला बसत नाहीत. मी तिला दोन-तीन गोष्टी फोनवर मराठीत सांगितल्या. एका लग्नाच्या फोटोची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "ह्यात काय एवढं, आपल्याकडे याहून भारी आहे," आणि तिनं तिच्या मावसआजीची जी कहाणी सांगितली ती मी इथे लिहिणार नाही, नातेवाईक हे वाचतात. पण मी ती फोनवर रेकॉर्ड करून घेतली. साडेचार गुण, अर्धा भाषेसाठी कापला.

दिल्लीच्या अल्काझी संग्रहाबद्दल पण लोक सांगतात, नाटकवाले इब्राहिम अल्काझी, जन्म पुण्याचा, त्यांनी जमवलेले एकोणिसाव्या शतकातले फोटो. त्याचं मी नीट बघितलेलं नाही त्यामुळे गुण देत नाही.

आता घरचं. हे सगळं बघून मी काय केलं तर पणजीचा फोटो घेऊन दुसऱ्या ठिकाणी गेले, या वेळी कागदावर लिहूनच नेलं : कलर नाही, दुरुस्ती नाही, पुठ्ठ्याच्या कडेसकट, मागची बाजू पण, सहाशे डीपीआय (म्हणजे बारकावे टिकतील असं दाट स्कॅन), टिफ फाइल. तो पोरगा वैतागला पण केलं त्यानं, ऐंशी रुपये घेतले. साडेतीनशेत वाट लागली होती, ऐंशीत काम झालं. फोटोच्या काळ्या भागावर तिरपं धरलं की निळसर चांदीसारखी चकाकी येते, मला वाटायचं बुरशी आहे आणि मी ती पुसणार होते, ती चांदीच वर आलेली असते, पुसायची नसते. आणि ते चिकट पानांचे अल्बम, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले, ऐंशी-नव्वदच्या दशकात प्रत्येक लग्नात आहेर म्हणून आलेले, त्यातून फोटो आत्ताच्या आत्ता काढा. न निघणारे ओढू नका, भावाच्या मुंजीच्या फोटोतलं त्याचं अर्धं डोकं त्या पानावरच राहिलं. मग फोटोंच्या खाली दातांच्या फटी साफ करायचा धागा सरकवत सरकवत बाकीचे काढले. ही युक्ती मस्त चालते.

मागच्या मोडीच्या ओळी एका ओळखीच्या निवृत्त मास्तरांकडून वाचून घेतल्या. मला वाटलं काहीतरी भावपूर्ण असेल. पहिली ओळ पणजीचं सासरचं नाव आणि शके. दुसरी ओळ, 'पैसे देणे बाकी'. आता बाकी कुणाची कुणाकडे ते कळायला मार्ग नाही, पण तिच्या चेहऱ्यावरचा तो भाव, मी वर लिहिलाय ना, तो बघता माझा अंदाज पक्का आहे.

त्या ट्रंकेत एक मोठा ग्रुप फोटो पण आहे, कुणाच्या तरी लग्नातला, तेवीस माणसं. मी त्याची झेरॉक्स काढली, प्रत्येक डोक्यावर आकडा टाकला, आणि आत्याकडे घेऊन गेले. दोन रविवार लागले. मधेच ती म्हणायची सात नंबर म्हणजे दादाकाका, मग म्हणायची नाही नाही, दादाकाकांचे कान असे नव्हते, मग चहा, मग परत दादाकाका. मी दोन्ही लिहून ठेवलं, पुढे प्रश्नचिन्ह टाकून, लायब्ररीवाले करतात तसं. मूळ फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं, पेननं नाही. बावीस जणांची नावं झाली.

राहिला एकोणीस नंबर. मागच्या रांगेत, डावीकडून चौथा, एकट्याच्याच डोक्यावर टोपी नाही. आत्यानं चष्मा लावून बघितला, काढून बघितला, खिडकीत नेऊन बघितला, आणि झेरॉक्स माझ्या हातात परत देत म्हणाली, "आपल्यातला नाही हा. जेवायला आला असेल."